एका ताटाची गाडी

“तुझा नवरा रोज दार आतून लावून घेतो म्हणजे आत सोनं तरी आहे, नाहीतर बाई,” कुंपणापलीकडून शेजारीण रिटा म्हणाली.

“बाई कसली ठेवतोय! त्या डब्यात धड उभं राहता येत नाही,” उर्सुलाने हसून उडवून लावलं. पण पानवेलींना पाणी सोडताना तिचं अर्धं लक्ष जांभळाखालच्या त्या गाडीकडेच होतं.

तिचा नवरा हिलरी एसटीचा ड्रायव्हर. सारी नोकरी स्टेशन ते अर्नाळा, अर्नाळा ते स्टेशन. निवृत्त झाला आणि लिलावातली एक जुनी अँब्युलन्स गासला घरी घेऊन आला. स्ट्रेचर काढलं, प्लायवूड ठोकलं, खिडक्यांना पडदे लावले. उर्सुला चहा घेऊन गेली की दार फटकन बंद! आतून आवाज, “ठेव तिथे बॉनेटवर.”

अर्नाळ्याला होड्यांतून चोरून काय काय उतरतं, याच्या कुजबुजी तेव्हा गावभर होत्या. पडदे लावलेली गाडी कोणाला हवी असते, हे उर्सुलाला ठाऊक नव्हतं थोडंच?

एके दुपारी तो सायकलवरून नटबोल्ट आणायला गेला. मागच्या दाराला कुलूप होतं. उर्सुलाने लुगडं खोचलं आणि ड्रायव्हरच्या बाजूने आत शिरली. गादी उचलून पाहिली, फळीखाली हात घातला. सोनं नाही. उशी हुंगली. बाईही नाही. एक स्टोव्ह, एक ताट, एक कप, झोपायला एकच अरुंद बाक. आणि उशाशी, कोपऱ्यात, सुबक तासलेला छोटा अल्तार, देव्हाराच. माउलीची तसबीर, मेणबत्ती, जपमाळ.

स्टोव्ह काय, ट्रकवाल्याकडेही असतो. अल्तार माणूस आपल्या घरात मांडतो.

संध्याकाळची रोझरीची प्रार्थना संपली तशी तिने विचारलं, “बेसिलचे पप्पा, कुठे निघालात?”

हिलरी चपापला. “गोव्याकडे. मग पुढे, जमेल तिथवर.”

“आणि परत कधी?”

“येईन की.”

“कधी, ते विचारलं.”

त्याने हातातली जपमाळ गुंडाळून खिशात घातली.

“ताट एकच का?”

“आत गेलीस तू?”

“गेले. ताट एकच का?”

“उर्सुला, आपल्या पोराने, बेसिलने मस्कतहून तिकीट पाठवलं तेव्हा काय म्हणालीस? वेलींना पाणी कोण घालणार! दमणला भाचीच्या लग्नाला गेलो, तू जेवून लगेच माघारी. तुला विचारायचं तरी काय?”

“विचारायचं.”

“नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते. तरी विचारायचं!”

हिलरीने खाली पाहिलं. “आयुष्यभर अर्नाळ्याला पोचलो की गाडी वळवली गं. एकदा तरी न वळवता जायचंय.” मग हळूच, “येतेस?”

“पकडले गेलात म्हणून विचारताय.”

“हो,” हिलरी म्हणाला. खोटं तरी बोलला नाही, एवढं तिने मनात टिपलं.

“आधी इथल्या चांदीप गावापर्यंत नेऊन दाखवा,” ती म्हणाली. “मग बघू.”

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ती गाडीत चढली. कुंपणावरून रिटा ओरडली, “बाय, रस्ता नीट बघून ठेव! वाटेत उतरवलं तर चालत यावं लागेल!”

“तुझ्याच दारात येऊन जेवेन!” उर्सुला ओरडली, पण रस्ता तिने खरंच बघून ठेवला.

चांदीपच्या अलीकडे इंजिन तापलं. हिलरी बादली घेऊन शेताच्या बांधाने विहिरीकडे निघाला. त्याची पाठ लहान होत गेली. किती सहज जातोय हा माणूस, तिला वाटलं. मागे वळूनसुद्धा बघत नाही. तिने हात लांबवून चावी काढली आणि पदराच्या टोकाला गच्च गाठ मारली.

तो आला. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, बसला, चावीकडे हात नेला. हात तसाच राहिला.

“चावी कुठे गेली?”

“माझ्याकडे आहे.” तिने गाठ सोडली, चावी त्याच्या हातावर ठेवली. “चालवताना तुमच्याकडे. उतरलात की माझ्याकडे. गोव्यापर्यंत असंच.”

“गोव्यापर्यंत?” हिलरीने मान वळवली. “म्हणजे येतेस तू?”

“समोर बघा,” उर्सुला म्हणाली. “बैल येतायत.”