शेजारणीची सही

सकाळी फोनवर मेसेज आला, स्कूटरचं कर्ज मंजूर झालं. मी तशीच उठले आणि शेजारच्या मंदाकाकूंची बेल वाजवली.

सहा वर्षं देशोदेशी भटकून परतले आणि कर्जासाठी अर्ज केला, तेव्हा बँकेच्या कॉम्प्युटरला माझा मागमूसही सापडत नव्हता. म्हणून पत्ता तपासायला त्यांचा माणूस आला आणि नेमकी मी बाहेर होते. त्याने काकूंना विचारलं, "या इथे राहतात का?" काकू म्हणाल्या, "राहते म्हणजे काय? तिची दुधाची पिशवी ती उठेपर्यंत माझ्याच फ्रिजमध्ये असते." आणि त्याच्या कागदावर त्यांनी ठसठशीत सही ठोकली.

माझ्या पासपोर्टात कितीतरी देशांचे व्हिसा आहेत. सगळे देखणे, आणि प्रत्येकावर निघून कधी जायचं ते आधीच छापलेलं. या कर्जाचे हप्ते मात्र पाच वर्षांचे आहेत. म्हणजे पाच वर्षं मी इथेच असणार, असं कुणीतरी बिनधास्त धरून चाललंय. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

काकूंनी दार उघडलं. हातात माझी दुधाची पिशवी होती.

"काकू, मंजूर झालं."

"होणारच," त्या म्हणाल्या. "सही कुणाची आहे?"