दुसऱ्या ओळीनंतरची जागा

मुलीकडे स्कॉटलंडला राहायला गेले होते, तेव्हा शेजारच्या मॉयराबाईंना मीच आग्रह करून चर्चमधल्या मैफलीला नेलं. स्कॉटलंडची जुनी लोकगीतं व्हिएन्नातल्या एका थोर संगीतकाराने पियानो आणि व्हायोलिनसाठी बांधली होती. त्याने तो देश कधी पाहिलाही नव्हता. चाली त्याला टपालाने येत.

मी हरखून ऐकत होते. एका गाण्यानंतर टाळ्या वाजवताना बाजूला पाहिलं, तर मॉयराबाईंचे हात मांडीवरच होते.

“हे आमची आई म्हणायची, मासे साफ करताना,” त्या हळूच म्हणाल्या. “दुसऱ्या ओळीनंतर ती थांबायची. आम्ही भावंडंही गप्प व्हायचो. इथे त्या जागेत पियानो वाजतोय.”

माझ्या टाळ्या आपोआप थांबल्या. कुणाच्या आईचा श्वास बुजवून केलेली सजावट मला इतकी सुंदर का वाटावी?

घरी चालत येताना मी म्हटलं, “आईसारखं म्हणून दाखवा ना.”

समुद्रावरून बोचरं वारं येत होतं. त्यांनी कोटाची कॉलर गळ्याशी धरली आणि त्या गायल्या. आवाज थकलेला, चाल अगदी साधी. दुसऱ्या ओळीनंतर त्या थांबल्या, आणि माझ्या कानात नेमका तिथेच पियानो वाजला. फार गोड वाजला.

“कसं वाटलं?”

“खरं गाणं हेच,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण मला आवडलं होतं ते दुसरंच.

त्यांचा चेहरा उजळला. माझा हात हातात घेऊन त्यांनी पुढचं कडवं सुरू केलं.