चाचणीचा फोन
बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा वास आला की मला तासगावचं ते कोल्ड स्टोरेज आठवतं. तिथल्या ऑफिसात मी दोन लाइन जोडत होतो, एक इंटरनेटची आणि एक बोलण्याची. बेदाणा निवडायला येणाऱ्या एक मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. "दोन कशाला रं?" मी म्हणालो, "मावशी, इंटरनेटची लाइन म्हणजे वडापची जीप, जागा मिळेल तसा माल कोंबायचा. बोलण्याची लाइन म्हणजे एस.टी.त रुमाल टाकून धरलेली जागा. माणूस गप्प बसला तरी ती त्याचीच." मग चाचणीसाठी कुठंतरी फोन लावायचा होता. मावशींनी पदराला हात पुसत लेकीचा नंबर सांगितला. लेक मनानं लग्न करून रहिमतपूरला गेली होती. "माजा नंबर दिसला की उचलत न्हाई. वरीस झालं." हा नंबर अनोळखी, म्हणून तिनं उचलला. "मी हाय गं," मावशी म्हणाल्या, आणि पुढं कुणीच बोलेना. मला वाटलं, फोन कट झाला. मी रिसीव्हर घ्यायला हात पुढं केला, तर मावशींनी तो कानाशी आणखी घट्ट धरला. मी बसवलेल्या लाइनच्या डब्यावरचा हिरवा दिवा चालूच होता, म्हणजे फोन जोडलेलाच होता. बऱ्याच वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "फोन ठिवला न्हाईस की गं." आता माझी लेक पुण्याला असते. फोनवर ती मधेच गप्प झाली की मी पूर्वीसारखं हॅलो हॅलो करत नाही. नुसता जागा धरून बसतो.