कानाशी बोलायची जागा

बोरगावच्या सूतगिरणीत लागले तेव्हा लॅबचं काम मला मनापासून आवडायचं. धाग्याचा नमुना आणायचा, त्याची जाडी आणि मजबुती तपासायची. धागा आपल्याला काही विचारत नाही. अडचण होती सकाळच्या मीटिंगची. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये प्रत्येकानं उभं राहून कालच्या कामाबद्दल हिंदीत सांगायचं. माझी पाळी आली की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी हातातल्या कागदाकडे.

"बोलो बेटा, अंग्रेजी में ही बोल दो," साहेब म्हणायचे, तेही मायेनं.

मेंटेनन्सचा एक जण हळूच म्हणायचा, "गेली, फ्लाइट मोडवर गेली." सगळे हसायचे. मीही हसायचे.

मग रविवारपासूनच जेवण जाईनासं झालं. पांढुर्ण्याहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये मी वाक्यं पाठ करत बसायचे. हळूहळू लॅबमधूनही मन उडालं. नमुना तपासला, आकडा टाकला, पुढचा घेतला. धागा कच्चा का आला, हे जाऊन बघावंसंच वाटेना. मानसिक आरोग्यावर कंपनीनं एक व्याख्यान ठेवलं होतं. तिथेही मी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

ट्रेनीचं वर्ष संपत आलं होतं. पुढे राहणार की नाही, ते महिनाअखेरीस कळवायचं होतं. आईला म्हटलं, सोडते. ती म्हणाली, "घरी बसून काय करशील वो?"

आमच्या लॅबच्या प्रमुख ताई सावरगावच्या. येता-जाता बसमध्ये माझ्या शेजारी बसायच्या. त्यांनी मला खोदून काही विचारलं नाही. एका सकाळी मीटिंगच्या आधी म्हणाल्या, "चाल, जरा मशीनवर जाऊन येऊ."

सूत कातायच्या हॉलमध्ये इतका आवाज असतो की बोलायचं तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. ऐकणारा मान वळवून मशीनकडे बघत असतो. तुमच्या तोंडाकडे कोणी बघत नाही.

"सांग, काल काय झालं?" ताईंनी कान पुढे केला.

आणि मी सांगितलं. मराठी, इंग्रजी, जे तोंडात आलं त्यात, पण सगळं.

त्या दिवशी केबिनमध्ये ताईच उभ्या राहिल्या. साहेबांना म्हणाल्या, "सर, लॅब का रिपोर्ट अब मैं दूँगी. ये मुझे मशीन पे बताएगी."

"वकील लावला का पोरीनं?" मेंटेनन्सवाला म्हणाला.

"हो," ताई म्हणाल्या. "तुले पाहिजे का? घरी बायको बोलू देत नाही म्हणे तुले."

यावेळी मी खरंखुरं हसले.

ताईंनी मला धीट हो म्हणून कधी सांगितलं नाही, याचे मी आजही मनातल्या मनात आभार मानते. शाळेपासून सगळे तेच सांगत आले होते. त्यांनी फक्त बोलायची जागा बदलली. पुन्हा भूक लागू लागली, आणि धाग्याबद्दलचं कुतूहलही परत आलं.

महिना संपता संपता एका मशीनच्या एकाच टोकाला धागे सारखे तुटताना दिसले. मला कोणी पाठवलं नव्हतं. तिथल्या कामगार बाईला काय बिघडलंय ते विचारून आले आणि ताईंनी विचारायच्या आत त्यांच्या कानाशी सगळं सांगून टाकलं. त्याच दमात म्हटलं, "ताई, मी नोकरी सोडणार होते."

"मालूम हाय मले," त्या मशीनकडे बघतच म्हणाल्या. "काम आवडत नसन त खुशाल सोड. बोलता येत नाही म्हणून नको सोडू. त्याचा बंदोबस्त होते."

"थांबते मी."

"काय म्हणून राहिली?" ऐकू न आल्यासारखा त्यांनी कान आणखी पुढे केला.

"थांबते!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या मशीनवरच्या बाया काम टाकून बघायला लागल्या.