‘स्वल्प’ म्हणजे किती मिनिटे?

यूपीएसची जुनी बॅटरी तापली की येणारा कुजट वास मला बसवनगुडीतल्या एका दुपारी नेतो. वारंवार वीज जाण्याबद्दलची माझी तक्रार वीज कंपनीने फेटाळली होती; त्याविरुद्ध अपील दाखल करण्याचा तो अखेरचा दिवस होता आणि अपिलाचे कार्यालय पाचला बंद होणार होते. संगणकावर सतरावा परिच्छेद लिहीत असतानाच वीज गेली, यूपीएसने जेमतेम एक शीळ घातली आणि जतन न केलेला सारा मजकूर नाहीसा झाला. मी संतापून खाली उतरलो आणि खांबावरच्या लाइनमनला कन्नडमध्ये विचारले, “किती वेळ?” “स्वल्प, सर.” “स्वल्प म्हणजे किती मिनिटे? व्याख्या सांगा!” पक्कड थांबवून त्याने खरोखरच विचार केला. “तुम्ही विचारलं नसतं तर दहा. आता बोलत बसलो, म्हणून वीस.” राग विसरून मी त्या शब्दाचाच विचार करू लागलो, इतका लवचीक अवधी कोणत्याही कायद्यात मी वाचला नव्हता. तेवढ्यात गॅलरीतून पत्नी ओरडली, “अहो, पेनला वीज लागत नाही!” पायरीवर बसून मी अपील हाताने लिहिले. बोटे दुखू लागल्याने ते चारच परिच्छेदांत आटोपले. वीज गेली की ती परत येण्याचा अवधी मिनिटांत कळवावा, एवढीच शेवटी मागणी केली. धावतपळत कार्यालय गाठले आणि पाचला दहा मिनिटे कमी असताना पोच मिळाली. पुढे अपील मान्य झाले. माझे शेवटपर्यंत वाचले गेलेले ते बहुधा एकमेव पत्र असावे, असा संशय मला आता येतो.