मंगरूला मेट्रोतून आणताना

समजा, तुम्हाला मेट्रोच्या भरल्या डब्यात उभं राहून एका मेलेल्या माणसाला हाक मारायची आहे. मनातल्या मनात नाही. तोंडानं, मोठ्यानं, त्याचं नाव घेऊन. खिडकीबाहेर काळोख. तो माणूस जिथं गेला ती जागा त्या काळोखात कुठंतरी आहे, आणि गाडी ती जागा बघता बघता मागं टाकणार आहे. शेजारी कानात इअरफोन घातलेली पोरगी, समोर मांडीवर लॅपटॉपची बॅग घेतलेला साहेब. हाक चुकली तर फिरून यावं लागणार. जमेल तुम्हाला?

बुधराम उईकेला ते जमवायचं होतं. तो गोंदियाकडच्या सालेकसा तालुक्यातला, दरेकसाजवळच्या एका टोलीवरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा. वय पंचेचाळीसच्या पुढं, पण चालताना साठीचा वाटतो. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, गुडघे जिना बघितला की कुरकुरतात. दिल्लीच्या जमिनीखाली त्यानं जी वर्षं काढली, ती अशी अंगात मुरून राहिली आहेत.

त्याचं काम रिंगचं. भुयार खोदणारी मशीन म्हणजे एक अख्खी मालगाडीच. तोंडाशी फिरणारी भलीमोठी चकती माती खरवडते, माती पट्ट्यावरून मागं जाते. मशीन थोडी पुढं सरकली की थांबते, आणि तिच्या पोटात काँक्रीटचे वाकडे तुकडे एकाला एक जोडून गोल कडं बसवायचं. तीच रिंग. शेवटचा छोटा तुकडा पाचरीसारखा सारायचा, त्याला चावी म्हणतात. बुधराम बोल्ट आवळायचा. मग रिंगच्या मागची पोकळी सिमेंटच्या पातळ मालानं भरायची. ते काम मंगरूचं. रिंग झाली की मशीन पुढं, पुन्हा रिंग. वर रस्ता होता, बाजार होता, लोकांची लग्नं होत होती. खाली घाम, तेलाचा वास आणि पंख्याची घरघर.

मंगरू त्याचा चुलत भाऊ, वच्छलाकाकीचा एकुलता एक. कामाला वाघ आणि झोपेला कुंभकर्ण. कुठंही टेकला की घोरायला लागायचा. एकदा दोघं सुट्टीवर येताना बुधराम नागपुरात उतरला, त्याला एक काम होतं. मंगरू एकटाच पुढं निघाला. उतरायचं ते गोंदिया आलं, गेलं; सालेकसा, दरेकसा, स्वतःच्या घराची कौलंसुद्धा खिडकीतून गेली; आणि हा थेट डोंगरगडला जागा झाला. तेव्हापासून साऱ्या टोलीनं त्याला चिडवायला धरलं. "काय गा मंगरू, यंदाही डोंगरगडलेच उतरतेस का?" तो हसायचा. "तिथं देवीचं दर्शन फुकटात होते ना!"

तो गेला तोही असाच. रिंग बसत होती, त्याला थोडी उसंत होती. नव्या रिंगला डोकं टेकवून तो खाली बसला. सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखा झोपला. मशीन सुरू व्हायची वेळ आली, बुधरामनं खांदा हलवला, तेव्हा मान एका बाजूला गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. तिथंच डॉक्टर असता तरी हातात काही नव्हतं. बुधराम त्याला घेऊन गावी आला. माती झाली, पंगत झाली.

राहिला तो जीव.

टोलीवरच्या उईक्यांची रीत अशी, की माणूस मातीत गेला तरी जीव बाहेरच फिरत असतो. त्याला हाक मारून घरी आणायचं आणि घरच्या देवांजवळ बसवायचं. नाल्यावर जायचं, नाव घेऊन बोलवायचं, आणि पहिलं जे काही जिवंत हाताला लागेल, मासोळी, खेकडा, किडा, त्याला पानाच्या दोन्यात, म्हणजे द्रोणात, घालून आणायचं. मंगरूसाठी नाल्यावर किती वेळा गेले. दोना रिकामाच आला. शेवटी गावचा भुमका, म्हणजे देवाधर्माचं बघणारा म्हातारा, म्हणाला, "तो पाण्यात नाही. जमिनीखाली गेला, तिथंच बसून आहे. तिथं जाऊन बोलवा लागते."

पण तोवर साल उलटलं होतं. मशीन त्या भुयारातून पलीकडे निघून गेली होती, बुधरामला दुसऱ्या लाइनीच्या खड्ड्यावर पाठवलं होतं, आणि त्याच्या पासवर जुन्या भुयाराचं फाटक उघडत नव्हतं. मग एकच वाट उरली. लाइन सुरू होऊ द्यायची आणि प्रवासी म्हणून जायचं.

भुयार खणलं म्हणजे मेट्रो झाली, असं लोकांना वाटतं. वच्छलाकाकीलाही वाटायचं. फोनवर तिचा पहिला सवाल तोच.

"झाली का गा तुझी गाडी?"

"नाही काकी. आता रूळ टाकून राहिले."

चार महिन्यांनी पुन्हा. "टाकले का रूळ?"

"टाकले. आता विजेचं काम चालू आहे. मग सिग्नल. मग स्टेशनात फरशी, सरकते जिने."

"जिने कायले पाहिजेत? मले तं माझा पोरगा पाहिजे. त्याले जिना नाही लागत."

"मग रिकामी गाडी चालवून पाहतात, काकी. मग मोठे साहेब येऊन तपासतात."

"किती तपासतात बाप्पा! आमच्या दरेकसाचा बोगदा इंग्रजानं बांधला, त्याले एवढा वेळ नसन लागला."

बुधरामला हसू यायचं नाही. त्या दरेकसाच्या बोगद्यावरून तो आणि मंगरू लहानपणी गुरं हाकायचे. खालून गाडी गेली की जमीन थरथरायची आणि मंगरू पालथा पडून मातीला कान लावायचा.

मध्ये दोन उन्हाळे गेले. काकीला डोळ्यांनी अंधुक दिसू लागलं. बुधरामच्या छातीत खोकला बसला आणि त्यानं दिल्ली सोडली. आता तो वाट्याला आलेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान करतो, मोहाच्या दिवसांत मोह वेचतो. एका दुपारी त्याची मुलगी प्रिया गोंदियाहून आली. ती तिथं नर्सिंग शिकते. मोबाइल पुढं करून म्हणाली, "बाबा, तुमची लाइन सुरू झाली."

काकी भिंतीला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आता जा. मले जास्त दिवस नाहीत."

बापलेक गोंडवाना एक्सप्रेसनं निघाले. स्टीलच्या डब्यात तांदूळ, मोहाची चार वाळकी फुलं, हळद, आणि पळसाच्या पानाचा दोना. दिल्लीत मेट्रोच्या दारावर डबा तपासणीच्या मशीनमधून गेला आणि थांबला.

"इसमें क्या है?" जवानानं विचारलं.

"पूजा का सामान है भैया," प्रिया म्हणाली.

त्यानं झाकण काढून वास घेतला. "मंदिर कौन सा?"

बुधराम बोलून गेला, "नीचे वाला."

जवानानं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि हात हलवला.

खाली फलाटावर आल्यावर बुधराम गोंधळला. त्यानं पाहिलं होतं तेव्हा इथं चिखल होता, सळया होत्या. आता आरशासारखी फरशी, काचेची दारं. आणि भुयारं दोन, एक जायचं, एक यायचं. कामावर असताना दोन मशीन होत्या. पोरं त्यांना थोरली आणि धाकली म्हणायची. मंगरू थोरलीच्या भुयारात गेला होता. पण थोरलीचं भुयार म्हणजे यातला कुठला फलाट?

"बाबा, आठवा ना."

"काय आठवू? फलाटच नव्हता तेव्हा."

"मग दोन्हीकडून जाऊ. जाताना एकात, येताना दुसऱ्यात."

गाडी आली. बुधराम दाराशी उभा राहिला, डबा पोटाशी धरून. स्टेशनाचा उजेड सरला, काच काळी झाली आणि काचेत त्याचंच तोंड दिसू लागलं. बाहेर एकेक रिंग पळत होती, पण दिसत काही नव्हतं. त्याला एक खूण ठाऊक होती. वरच्या एका मोठ्या इमारतीचा पाया चुकवायला भुयार तिथं वळलं होतं, आणि वळण सरता सरता मंगरूची रिंग. गाडी वळताना अंगाला कळेल, एवढाच भरवसा.

अंग कललं. बुधरामनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. इअरफोनवाली पोरगी शेजारीच होती. प्रियानं त्याचा दंड धरला. वळण सरत आलं.

"मंगरू! ए मंगरू उईके! चाल घरी!"

डब्यातली मान न् मान वळली. लॅपटॉपवाल्यानं बॅग जवळ ओढली. एक म्हातारा सरदारजी शांतपणे म्हणाला, "किसको बुला रहे हो, भाई?"

"भाई को," बुधराम म्हणाला. सरदारजींनी मान हलवली आणि सरकून त्याच्या बाजूला जागा केली. एका माणसाची जागा.

येताना पुन्हा तेच. तेच वळण, तीच हाक. या वेळी आवाज जरा मोकळा निघाला. दोन्ही भुयारांत हाक गेली, आता मंगरू कुठंही असो.

हाक मारली की काम संपत नाही. जीव आंधळा असतो. त्याला वाट सांगत आणावी लागते. म्हणून बुधराम सारा रस्ता हळूहळू बोलत राहिला. "मंगरू, इथं उतरायचं. जिना सरकते, पाय सांभाळ. आता रिक्षा. आता मोठी गाडी, खिडकीजवळ बस." प्रिया लाजली नाही. रिक्षावाल्यानं मात्र दोघांचंच भाडं घेतलं आणि आरशातून पाहत राहिला.

गोंडवानात बसल्यावर बुधरामनं ठरवलं होतं, डोळा लागू द्यायचा नाही. आग्रा सांगितलं, झाशी सांगितली. सकाळी नागपूर आलं तेव्हा तोंडाला पाणी लावून "मंगरू, नागपूर, उतरू नको" असंही सांगितलं. आणि मग खिडकीतून ओळखीचं ऊन आत आलं, धानाच्या बांध्या दिसू लागल्या, आणि इतक्या वर्षांचा थकवा एकदम अंगावर येऊन बसला.

"बाबा! बाबा, गोंदिया! उठा, गाडी सुटून राहिली!"

प्रियानं पिशव्या उचलल्या, बुधरामनं डबा. चालत्या गाडीतून दोघं फलाटावर उतरले. गोंडवाना डोंगरगडच्या दिशेनं निघून गेली. शेवटचा डबा सिग्नलपलीकडं दिसेनासा झाला तेव्हा बुधरामच्या लक्षात आलं आणि तो मटकन बाकावर बसला.

"काय झालं, बाबा?"

"मी त्याले उतर म्हटलंच नाही."

प्रियानं हळूच डब्याचं झाकण काढलं. तांदळावर एक काळा मुंगळा फिरत होता. दोन्याच्या काठावर चढला, थांबला, मिशा हलवल्या, पुन्हा तांदळात उतरला.

"पाहा ना बाबा. आले ना काका."

घरी अंगण सारवलेलं होतं. वच्छलाकाकी दारात बसून होती. "आला?" तिनं विचारलं.

बुधरामनं प्रियाकडं पाहिलं. "आला, काकी."

काकीनं मुंगळा घातलेला दोना हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला. तिला कितपत दिसलं कोण जाणे. "वाळला रे माझा पोरगा," ती म्हणाली आणि दोना देवांजवळ नेऊन ठेवला. हळद वाहिली, मोहाचं फूल ठेवलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. टोलीवरच्या बायका म्हणतात, किती दिवसांत पहिल्यांदा ती दिवसाउजेडीच शांत झोपली.

त्याला बरेच दिवस झाले. काकी आहे अजून. उन्हात बसून देवांकडं तोंड करून मंगरूशी गप्पा मारते. कुणी तिचं सुख मोडत नाही. बुधराम तर नाहीच नाही.

पण सालेकसाच्या बाजाराला गेला की तो स्टेशनावर थोडं टेकतो. डोंगरगडकडून लोकल येते. उतरणारी माणसं तो एकेक करून बघतो, मग गुडघ्यावर हात ठेवून उठतो. तो मुंगळा दिल्लीच्या भुयारात चढला होता, झाशीच्या फलाटावर, की तो घरच्याच तांदळातला होता, हे त्याला सांगणारं कुणी नाही. प्रियाला त्यानं एकदा विचारलंही. ती म्हणाली, "बाबा, किती विचार करता तुम्ही!" भुमक्याला विचारायची त्याची हिंमत होत नाही.

पण सवाल काही जात नाही. मंगरू गोंदियाला आपल्यासंगं उतरला, की नेहमीसारखा झोपला आणि पुढं डोंगरगडला गेला?