मऊ पोवळ्यावरची कवडी

कवडी हा एका जिवंत प्राण्याचा शिंपला असतो, असे मी एका छापील चोपड्यात वाचले आणि आमच्या घरात वाद पेटला. आमच्या अमरावतीत मुलींची शाळा निघाली होती. धाकट्या बहिणीला तिथे घालायचा मी हट्ट धरला होता, आणि वडिलांचे एकच पालुपद होते, "पुस्तकं लबाड असतात."

शेवटी अकोल्याच्या कापूसबाजारात, चार दलालांसमोर, ते म्हणाले, "कवडीले जीव हाय ना? दाखव मले. दाखवला तं पोरगी शाळेत. नाही तं तुये सारे कागद चुलीत!"

मी तिथल्या तिथे कबूल झालो.

त्या तेजीच्या दिवसांत आमचा कापूस मुंबईला गेला आणि मागोमाग आम्ही दोघे. सौदा आटोपताच मी त्यांना ओहोटीच्या वेळी खडकांवर ओढत नेले.

"कावून रे, मासोया धरून राहिला का आता?"

खडकांमधल्या एका डबक्यात मऊ पोवळे दिसले. दगडासारखे टणक नव्हे, तर मांसल, जाड बोटांचा झुबका असावा तसे. त्यावर काळाभोर गोळा, अंगभर पांढरे ठिपके. आणि तो सरकत होता! पण कवडी कुठे होती? भरतीचे पाणी चढू लागले होते.

वडील हसले. "हे तं गोगलगाय हाय. चाल, चूल पेटवू."

मी घाईने त्या गोळ्याला बोट लावले. त्याच्यावरचा कातड्याचा काळा पडदा मधोमध दुभंगला, हळूहळू दोन्ही बाजूंना मागे सरला, आणि आतून पांढरीशुभ्र कवडी निघाली.

"अरे बाप्पा! बोंड फुटलं!"

वडील धोतरासकट पाण्यात बसले. जरा थांबले की काळे कातडे पुन्हा वर चढे, मग तेच बोट लावत. "पाह्य, पाह्य, उललं पुन्हा!" लाट कमरेला लागली तरी उठेनात. मी कवडी उचलायला गेलो, तसा त्यांनी माझा हात धरला.

"जितं हाय ते. राहू दे."

अकोल्याला परतल्यावर बाजारात ते प्रत्येकाला अडवून, मुठी उघडून-मिटून ते बोंड दाखवत होते. एका दलालाने डिवचले, "मंग पोरीले शाळेत धाडता म्हणा!"

वडील थबकले. मी उत्तराला तोंड उघडले, तेवढ्यात ते माझ्यावरच खेकसले, "धाडतो ना! पण कवडीचं मी सांगीन तिले. तू मधात बोलू नको."